काळोख भाड्याने घेणारी बाई

घर भाड्याने बघायला येणारा माणूस पाण्याचं विचारतो, लाइट कितीदा जाते ते विचारतो, गाडी लावायला जागा हाय का विचारतो. ही बाई आली ती ओटीवर चप्पल काढून सरळ आत आली आणि म्हणाली, "तुमच्याकडे काळोख आहे का?"

मी म्हटलं, "बाई, काळोख सगळ्यांकडे असतो."

"पूर्ण?"

माझी बायको पदराला हात पुसत बाहेर आली. तिने एकदा त्या बाईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, "ये गो, तुला भाताची खोली दाखवते."

आमचं घर गडबला, हायवेपासून जरा आत. माजघराच्या मागे एक खोली हाय. पूर्वी तिच्यात भात साठवायचो. खिडकी नाय, झरोका नाय, मातीच्या जाड भिंती. शेत कमी झालं तशी खोली रिकामी पडली. उरले होते ते बायकोचे पापडाचे डबे आणि उंदीर. बाई आत शिरली आणि तिने आतून दार लावून घेतलं. आम्ही दोघं बाहेर उभे. बराच वेळ झाला, आवाज नाय काय नाय. बायको म्हणाली, "अवो, बघा तरी. पडली बिडली असेल." तेवढ्यात बाई बाहेर आली. तोंडावर असं समाधान, जशी काय पंगतीतून उठून आली.

"हीच खोली," म्हणाली.

तर अशी ती आमच्याकडे राहिली. बाजूची खोली झोपायला, भाताची खोली कामाला. मी चौथी शिकलेला. उभा जन्म रोह्याच्या एका रंगाच्या कंपनीत शिफ्ट केली. त्यामुळे ही काय काम करते ते मला समजलं तसंच सांगतो. चूक असेल तर ती माझी.

रोह्याला एका कंपनीच्या आवारात लहान प्रयोगशाळा होती, तिथे ती नोकरीला. तिथे ती एक शाईसारखं हिरवट काळं पाणी बनवायची. काचेच्या तुकड्यावर त्याचा पातळ थर द्यायचा, तो सुकला की झाला डोळा. हा डोळा आपल्याला दिसतो तो उजेड बघत नाय. आपल्याला न दिसणारा बघतो, तांबड्याच्याही पलीकडचा. आमचा विश्वास बसेना तेव्हा तिने टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरला आणि बटण दाबलं. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, मोबाइलमध्ये मात्र रिमोटच्या तोंडाशी जांभळा ठिपका लुकलुकत होता. बायकोने तो रिमोट, माझ्या हातात कधी दिला नव्हता तेवढ्या आदराने, परत कोनाड्यात ठेवला. धुक्यातून बघायला, दाण्यातला ओलावा बघायला, माणसाची नाडी बघायला असा डोळा लागतो म्हणे.

मग अडचण काय, तर हा डोळा अंधारात बडबडतो. समोर काही नसताना त्याला काहीतरी दिसल्यासारखं होतं. स्वतःच्याच उबेने आतल्या आत चुळबुळ करतो. ती म्हणायची, "काका, याला जास्त लांबचं बघायला शिकवलं की बडबड वाढते. गप्प केला की आंधळा होतो. मला गप्प राहून बघणारा पाहिजे." ते पाणी म्हणजे लांबच लांब माळा असतात, एक मणी देणारा, एक मणी घेणारा. कुठला मणी कुठे ओवायचा, माळ ताठ ठेवायची की सैल, दोन माळा किती जवळ निजवायच्या, सगळी डोकेफोड त्यात. आणि जमलं की नाय ते बघायला काळोख हवा, थरथर नको. रोह्याच्या प्रयोगशाळेत पंप, जनरेटर, शेजारच्या यंत्रांची थरथर. म्हणून ही आमच्या भाताच्या खोलीत.

घरात आल्या आल्या तिने पहिलं काय केलं असेल, तर काळी चिकटपट्टी घेऊन घरभर फिरली. टीव्हीचा लाल ठिपका बंद. फ्रिजचा हिरवा बंद. डासांच्या मशीनवर पट्टी, मोबाइलच्या चार्जरवर पट्टी. मी म्हटलं, "बाई, तुझी खोली तिकडे, ही पट्टी इकडे कशाला?"

"सवय," म्हणाली. "रिकामे दिवे बघवत नाहीत."

लाइट गेली की गडबमध्ये घरोघर शिव्या सुरू होतात. ही ओट्यावर येऊन बसायची आणि स्वतःशी हसायची. हायवेवरून मोठा ट्रक गेला की भिंतीला हात लावून उभी राहायची, म्हशीला थोपटावं तशी. चहा कोरा, तो पण गार करून. बायको म्हणायची, "तो चहा नाय गो, ते हात धुतलेलं पाणी हाय." ती प्यायची ते पाणी, चवीने.

आता तिचा खरा दोष सांगतो. तिला खोटं बोलता येत नव्हतं. म्हणजे बोलायचं नाय असं ठरवलं होतं असं नाय. येतच नव्हतं, जसं कुणाला पोहता येत नाय. शेजाऱ्यांनी नवीन घर बांधलं, वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. घरमालक विचारतो, "कसं वाटलं घर?" सगळे म्हणाले झकास. ही म्हणाली, "जिना चुकलाय. उतरताना तुमचं डोकं आपटेल." पुढे आपटलं, पण ती गोष्ट वेगळी. गणपतीत मी आरती म्हणतो ती जोरात म्हणतो. सगळे आजवर ऐकून घेत आले. हिने आरती संपल्यावर प्रसाद घेता घेता सांगितलं, "काका, तुमचा सूर दुसऱ्याच आरतीचा आहे." बायको एवढी हसली की तिच्या हातातलं तबक कलंडलं.

मी स्वतः तोंडाचा फटकळ. पण मी रागावलो की बोलतो. ही रागावायची नाय. विचारलं तर सांगायची, वजन करून द्यावं तसं. एकदा मी बायकोवर भाजीवरून ओरडलो. बाई तिथेच जेवत होती. मी म्हटलं, "तूच सांग, भाजी खारट हाय का नाय?"

"आहे," म्हणाली. बायकोचं तोंड उतरलं. मग पुढे म्हणाली, "पण तुम्ही ओरडता तेव्हा काकू ऐकत नाहीत. त्या मनात दुसरंच काहीतरी करत असतात."

मी बायकोकडे बघितलं. "काय करत असतेस?"

"उद्याच्या पापडांचं पीठ भिजवीत असते," बायको म्हणाली. इतकी वर्षं मी भिंतीशी भांडत होतो ते मला तेव्हा कळलं.

बायकोचा तिच्यावर जीव बसला तो असाच. घरात मूलबाळ नाय आमच्या. बायको तिला जेवायला वाढायची, तिची वेणी घालायची, आणि ती दाखवील ती काच हातात न घेता लांबून बघायची. एकदा बाई आम्हाला रोह्याला घेऊन गेली, प्रयोगशाळा दाखवायला. मी त्याच रस्त्याने सायकल हाणत किती वर्षं शिफ्टला गेलो, पण असली जागा बघितली नव्हती. काचेचं मोठं कपाट. त्याला भोकं, आणि भोकांना आत वळलेले लांब काळे हातमोजे. बाहेरून हात घालायचे आणि आतलं काम करायचं. आत हवा नाय, ओलावा नाय. बायकोने विचारलं, "आत का गो हात लावायचा नाय?"

"हवेतलं पाणी लागलं तर बिघडतं."

"म्हणजे याला सोवळं लागतं," बायको म्हणाली. तिथले दोन शिकलेले तरुण हसले. बाई नाय हसली. म्हणाली, "हो. तसंच." आणि बायकोला हातमोजे घालू दिले. म्हातारीने त्या कपाटात हात घालून एक रिकामी बाटली उचलली, परत ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. लग्नातल्या फोटोत पण ती इतकी खूश नाय दिसत.

काचेच्या तुकड्यांना नावं ठेवायचा खेळ बायकोनेच काढला. तुकडे बाई पापडाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. डबा बायकोचा. आतून काळा रंग दिलेला, झाकणाला लहान खिडकी पाडलेली आणि त्या खिडकीला वेगळं झाकण. सोबत बॅटरी आणि डायरीएवढं एक मशीन, त्यात डोळा काय बघतो ते सारखं टिपलं जायचं. एक तुकडा भयंकर बडबड्या निघाला. बायको म्हणाली, "त्याचं नाव आत्या ठेव."

आत्या म्हणजे माझी थोरली बहीण. विधवा, आमच्याच आळीत राहते. सगळा गाव तिला आत्या म्हणतो, मी पण. सकाळी तोंड उघडते ते दिवेलागणीला मिटते. दुसरा एक तुकडा अगदी गप्प, पण त्याला समोरचा सूर्य पण दिसेना. त्याचं नाव बायकोने काका ठेवलं. मी म्हटलं, "हे बरंय." बाईने चिठ्ठीवर खरंच 'काका' लिहून चिकटवलं.

मग बायको म्हणाली, "आणि जो गप्प राहील आणि सगळं बघेल, त्याला माझं नाव दे."

"तसा अजून झाला नाही," बाई म्हणाली.

"होईल गो. मला कुठे घाई हाय."

घाई तिला नव्हती, पण आजाराला होती. हृदयाचं दुखणं निघालं. पेणला दवाखान्यात ठेवली, जरा बरी झाली की घरी, परत पेण. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काय नाय होत, बरी होशील." मी पण तेच म्हणायचो. एका दुपारी बायकोने बाईला जवळ बोलावलं आणि विचारलं, "मी बरी होईन का गो?"

मी बाईकडे डोळे वटारले. काही उपयोग नव्हता.

"माहीत नाही, काकू," ती म्हणाली. "डॉक्टरांना पण माहीत नाही. मी विचारलं."

मला तिला तिथून हाकलून द्यावंसं वाटलं. पण बायकोने तिचा हात धरून ठेवला. बाई गेल्यावर मला म्हणाली, "तिला काय बोलू नका. तुम्ही सगळे बरी होशील म्हणता तेव्हा मला भीती वाटते. ती माहीत नाय म्हणाली तेव्हा बरं वाटलं. निदान एक जण तरी माझ्याबरोबर हाय."

शेवटी तिला घरी आणली. उकाड्याचे दिवस, म्हणून भाताच्या खोलीत गादी घातली. ती खोली गार. बाईने आपलं सामान मुकाट्याने एका फळीवर सरकवलं. तिथेच एका सकाळी, मी चहा आणायला स्वयंपाकघरात गेलो असताना, बायको गेली. याच्यावर मी जास्त लिहिणार नाय. लिहिता येत नाय.

आमच्याकडे रीत अशी, की माणूस जिथे गेलं तिथे परातीत तांदळाचं पीठ पसरून त्यावर दिवा ठेवायचा. सुतकाचे दिवस संपेपर्यंत तो विझू द्यायचा नाय. गेलेला जीव अजून घराभोवती असतो, त्याला वाट दिसायला हवी. दिवा विझला तर तो काळोखात चाचपडत राहतो. मला देवाधर्माचं फार नाय, पण त्या दिव्याचं होतं. तिच्यासाठी करण्यासारखं तेवढंच उरलं होतं. तेल मी घालायचो, वात मी पुढे करायचो.

पहिल्याच दिवशी मी बाईला म्हटलं, "खोलीत आता उजेड राहणार. तुझं काम बुडेल."

ती म्हणाली, "बुडू दे. डबा फळीवरच राहू देऊ का?"

"राहू दे."

तिने डब्याच्या खिडकीचं झाकण काढलं, डबा दिव्याच्या दिशेने फिरवला आणि बाहेर आली. बायका माजघरात रडत होत्या, ही कोरडी. माझ्या मेहुण्याने विचारलं, "ह्या बाईला काय दुःखबिःख?" मी दिव्यात तेल घालायला वळलो. तिने ते झाकण कशाला काढलं हे विचारायचं पण मला सुचलं नाय.

दहाव्याला आम्ही पुरुष मंडळी तळ्यावर गेलो. बाई रोह्याला कामावर गेली होती. दिव्याजवळ आत्या. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. मला हलकं वाटलं. म्हटलं, बायको सुखाने चालली. घरी आलो तर आळीच्या तोंडाशी बायकांची गर्दी, आणि आमच्या ओटीवर आत्या डोक्याला हात लावून बसलेली. गप्प. जन्मात पहिल्यांदा.

शेजारणीने सांगितलं. कोंबडी अंगणातल्या धान्याला तोंड लावत होती म्हणून आत्या तिला हाकलायला बाहेर गेली. परत आत गेली तर दिवा गेलेला. काडेपेटी सापडेना म्हणून ओरडत शेजारी धावली. काडेपेटी घेऊन परत आली, तर दिवा जळतोय.

"म्हणजे कुणी पेटवला?" मेहुण्याने विचारलं.

"मी नाय," आत्या एवढंच म्हणाली.

मग सुरू झालं. कोण म्हणे आत्यानेच पेटवला आणि आता निभावून नेते. कोण म्हणे, विझून आपोआप पेटला हे फार वाईट, जीव परत फिरला. मेहुणा म्हणाला, "माझ्या बहिणीला काळोखात सोडली तुम्ही." तो काही माझ्या वाईटावर नव्हता, त्याची बहीण गेली होती. पण ते शब्द माझ्या छातीत बसले. मी खोलीत जाऊन दिव्यासमोर बसलो. दिवा जळत होता, छान ताठ. मला तो खोटा वाटायला लागला. जेवणाची पानं मांडली, मी उठलो नाय. आत्या पण नाय उठली. ती वाळत घातलेल्या कपड्यासारखी ओटीवर पडून.

दिवेलागणीच्या आधी बाई रोह्याहून आली. कुणी तिला काय सांगितलं कोण जाणे. ती माझ्या बाजूने खोलीत गेली, फळीवरून ते लहान मशीन काढलं आणि दारातल्या उजेडात उभी राहून बघत बसली. खूप वेळ बघितलं. मी बघत होतो तिच्या तोंडाकडे. तिचं तोंड काही सांगत नव्हतं, कधीच नाय सांगायचं.

मग माजघरात आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दिवा विझला नव्हता."

मेहुणा म्हणाला, "तू कुठे होतीस?"

"मी नव्हते. डब्यातला डोळा होता. पहिल्या दिवसापासून दिवा बघतोय तो." तिने मशीन पुढे केलं, त्यावर एक रेघ होती. "दुपारी ज्योत फार खाली गेली. वात तेलात सरकली असणार. एवढीशी झाली होती की उन्हातून आत आलेल्या माणसाला दिसणार नाही, आणि आत्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पण विझली नाही. मग वातीने परत तेल धरलं आणि ज्योत वर आली."

"त्या मशीनवर काय इश्वास ठेवायचा?" मेहुणा म्हणाला. "अंधारात ते मनचं पण बोलत असेल."

"बाकीचे बोलतात," ती म्हणाली. "म्हणून तर इतकी वर्षं घातली. हा तुकडा बोलत नाही. काळोख असला की काळोखच सांगतो. त्याला शून्य दिसलं असतं, तर त्याने शून्य दाखवलं असतं." मग माझ्याकडे वळली. "काका, हा तुकडा काकूंना दाखवायचा राहिला. त्या आजारी पडल्यावर झाला. त्याच्यावर मी त्यांचं नाव लिहिलंय."

मी उठून डब्यात डोकावलो. काचेच्या एका कोपऱ्यात चिठ्ठी होती, बाईच्या वाकड्या अक्षरात 'काकू'. बायको जन्मभर तशीच होती. गप्प राहायची आणि सगळं बघायची. मी मेहुण्याला म्हटलं, "मशीनवर विश्वास नको ठेवू. मी पण नाय ठेवत. मी या बाईवर ठेवतो."

तेवढ्यात ओटीवरून आत्याचा आवाज आला. "मी दुपारपासून सांगत्ये, मी पेटवला नाय म्हणून. म्हातारीचं कोण ऐकतो? आणि ती कोंबडी कुणाची हाय, तिच्या मालकिणीला आधी बोलवा इकडे." ती बोलत सुटली ती सुटलीच. शेजारणीला, मेहुण्याला, मला, कोंबडीला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मेहुणा तिच्या पाया पडला, तर त्यालाही तिने पाया पडता पडता झापलं.

बाई आता लांब असते. तिचा तो गप्प डोळा पुढे चांगला ठरला, त्यावर मोठ्या ठिकाणी काम चाललंय असं तिने मागे फोनवर सांगितलं. जाताना तिने डबा मागितला, मी दिला. घरातल्या दिव्यांवरच्या पट्ट्या मी काढल्या नायत. टीव्ही चालू हाय का बंद, मला कधी कळत नाय. कळून काय करायचं हाय.

पण मला सांगायचं होतं ते त्या दिवसाचंच. पाव्हणे पांगले, आत्या दमून कुठे तरी टेकली. बाई ओट्यावर आपला गार कोरा चहा पीत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. मनात एक कुसळ उरलं होतं. म्हटलं, विचारून टाकू.

"बाई, खरं सांग. दिवा खरंच विझला असता, तर तू मला सांगितलं असतंस?"

तिने पेला खाली ठेवला. हायवेवरून ट्रक गेला, तिने सवयीने भिंतीला हात लावला.

"सांगितलं असतं, काका," ती म्हणाली.

मी उठलो, आत गेलो आणि म्हटलं, "काय उरलं असेल ते वाढा."